अकराच्या गाडीचं काय?

वाचकांचे प्रश्न
या वेळचा विषय: अमेरिकेतल्या उपनगरी गाड्या

(उत्तरं देणाऱ्या काकू न्यू जर्सीत राहतात. निवृत्त होईपर्यंत त्या एका उपनगरी रेल्वेत वेळापत्रकं आखण्याचं काम करत होत्या.)

काकू, मी मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीनच दिवस न्यूयॉर्कला ऑफिसात जातो. त्या तिन्ही दिवशी उभं राहायला जागा नसते. शुक्रवारी म्हणे डबे ओस पडलेले असतात. महिन्याचा पास आता परवडत नाही, म्हणून सुटी तिकिटं काढतो, तरी भाडं वाढतंच. इतकी गर्दी असताना यांना तोटा कसला होतो?
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तोटा त्या गर्दीतच आहे. तुमच्या सकाळच्या गाडीला जे डबे, जे इंजिन आणि जी माणसं लागतात, ती दिवसातून दोनदाच खऱ्या अर्थाने कामाला येतात. सकाळी शहरात आणायची, दुपारभर यार्डात उभी करायची, संध्याकाळी परत न्यायची. कधी उलट दिशेने रिकामी पळवायची, त्याला आम्ही डेडहेड म्हणायचो. रिकाम्या गाडीलाही वीज लागते आणि पूर्ण पगाराची माणसं लागतात. दिवसातल्या या दोन तासांपायी यार्डं, डबे, दुरुस्तीच्या शेड्स, सगळा पसारा उभा आहे.

पूर्वी हा पसारा पासवाले पोसायचे. पाच दिवसांचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडायचे. आता तुम्ही तीन दिवस येता, आणि सगळे तेच तीन दिवस निवडतात. त्यामुळे उत्पन्न आलं तिनावर आणि खर्च राहिला मंगळवारच्या गर्दीला पुरेल इतका. भाड्यावर जितकी जास्त भिस्त, तितका मोठा फटका. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट ही उपनगरी रेल्वे महामारीपूर्वी आपला चालवण्याचा जवळजवळ दोन तृतीयांश खर्च भाड्यातून काढायची. तेव्हा ते कौतुकाचं होतं. प्रवासी चाळीस टक्क्यांच्या आसपास उरले तेव्हा तेच तिच्या गळ्याशी आलं. (जाता जाता: बार्टचे रूळ साडेपाच फुटी रुंदीचे आहेत, भारतातल्या ब्रॉडगेजइतकेच. अमेरिकेच्या मुख्य जाळ्यातली कुठलीही गाडी त्यांवर चालत नाही. ही हौस डबे खरेदी करताना दर वेळी महागात पडते.)

2020 आणि 2021 मध्ये केंद्र सरकारने तीन कायद्यांतून सार्वजनिक वाहतुकीला सुमारे 69.5 अब्ज डॉलर दिले. त्यावर सगळ्यांनी दिवस काढले. ते संपत आले तसं जो तो आपापल्या राज्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आपल्या न्यू जर्सीत जुलै 2024 मध्ये भाडं 15 टक्क्यांनी वाढलं आणि पुढे दर वर्षी 3 टक्के वाढ ठरवून टाकली. त्याच वर्षी 1 कोटी डॉलरहून जास्त नफा असलेल्या कंपन्यांवर अडीच टक्क्यांचा जादा कर बसला, तो एनजे ट्रान्झिट या राज्याच्या रेल्वे-बस संस्थेसाठी. स्वतःच्या हक्काचं उत्पन्न या संस्थेला इतकी वर्षं नव्हतंच, हे तुमच्या भाडेवाढीपेक्षा मोठं दुखणं होतं.

एक कामाची गोष्ट. कंपनीच्या एचआरला कम्यूटर बेनिफिटबद्दल विचारा. पगारातून कर कापण्याआधीच तिकिटाचे पैसे वळते करता येतात. 2025 मध्ये ही मर्यादा महिन्याला 325 डॉलर होती, पुढे ती वाढत जाते. सुट्या तिकिटांनाही चालतं. पुष्कळ जण तो फॉर्म कंटाळ्यापोटी भरत नाहीत.

आम्ही रॅरिटन व्हॅली लाइनवर राहतो. नेवार्कला उतरून, जिना चढून-उतरून दुसरी गाडी पकडावी लागते. मॉरिस आणि एसेक्सकडचे लोक थेट मॅनहॅटनला जातात. आमच्यावरच हा अन्याय का?
एक वाचक, ब्रिजवॉटर, न्यू जर्सी

ताई, या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा घेते, कारण या भागातल्या सगळ्या गाठी त्यात आहेत.

पहिली गाठ डिझेलची. तुमच्या लाइनवर वरून वीज नाही, आणि हडसन नदीखालच्या बोगद्यातून डिझेल इंजिन नेता येत नाही. मॉरिस अँड एसेक्स लाइनवर विजेच्या तारा होत्या. 1996 मध्ये कर्नीला एक जोडमार्ग टाकला आणि मिडटाउन डायरेक्ट ही थेट मॅनहॅटनची गाडी सुरू झाली. मार्गावरच्या गावांतली घरं पुढच्या काही वर्षांत कशी महागली, ते तिथल्या कोणालाही विचारा. आता तारेवर आणि डिझेलवर, दोन्हींवर चालणारी इंजिनं आहेत. त्यांच्या जोरावर गर्दी नसलेल्या वेळी तुमच्या मोजक्या गाड्या थेट जातात. मग सकाळी का नाही?

कारण दुसरी गाठ: बोगद्यात जागा नाही. 1910 साली पेनसिल्व्हेनिया रेलरोडने बांधलेल्या दोन नळ्या आहेत, प्रत्येकीत एक रूळ. सकाळच्या गर्दीत न्यूयॉर्ककडे तासाला 24 गाड्या, त्यात अ‍ॅमट्रॅक या लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेच्याही आल्या. वेळापत्रकवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमची एक गाडी थेट सोडायची तर दुसऱ्या कोणाची तरी काढायची. ती कोणाची काढायची, हे ठरवायला कुठला राजकारणी पुढे येत नाही. आम्ही टेबलावर बसून असे पर्याय मांडायचो आणि वरून उत्तर यायचं, "सध्या आहे तसंच राहू द्या."

त्या नळ्यांचीही प्रकृती बरी नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात समुद्राचं खारं पाणी आत शिरलं. पाणी उपसलं, पण मीठ काँक्रीटमध्ये आणि केबल्समध्ये मुरलं, ते आजही आतून खातंय. नीट दुरुस्तीसाठी एक नळी महिनोन्‌महिने बंद ठेवावी लागेल. आणि एक बंद केली तर तासाला 24 च्या निम्म्यासुद्धा गाड्या जात नाहीत, कारण उरलेल्या एकाच रुळावरून दोन्ही दिशांना सोडायच्या.

नेवार्कच्या पुढे हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिज, तोही 1910 चाच. बोट आली की हा पूल आडवा फिरतो, आणि बोट गेल्यावर कधीकधी नीट जागेवर बसत नाही. मग कामगार घण घेऊन जातात आणि ठोकून बसवतात. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वेमार्गावरचं हे वर्णन आहे, मी अतिशयोक्ती करत नाहीये. त्याच्या शेजारी उंच, न फिरणाऱ्या पुलाचं काम 2022 मध्ये सुरू झालं.

आणि नवा बोगदा? तो आजवर तयारही झाला असता. 2009 मध्ये एआरसी नावाच्या प्रकल्पाची कुदळ मारली गेली होती. ऑक्टोबर 2010 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तो रद्द केला. खर्च वाढला तर तो राज्याच्या डोक्यावर बसेल, हे त्यांचं कारण. दोनच वर्षांनी सँडी आलं. मग 2023 मध्ये नव्याने, गेटवे या नावाखाली, 16 अब्ज डॉलरच्या बोगद्याचं काम सुरू झालं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने त्याचे पैसे अडवून धरले. क्रिस्टींचा हिशोब त्या वेळी पुष्कळांना पटला होता. मला तेव्हाही पटला नव्हता. बोगदा न बांधण्याचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो, म्हणून तो शून्य दिसतो.

तेव्हा अन्याय तुमच्यावर होतोय हे खरं, पण तो करणारा मॉरिसवाला नाही. तोही त्याच दोन नळ्यांत अडकतो.

नेपरव्हिलहून शिकागोला येताना सकाळची एक्सप्रेस सुसाट येते. दुपारी मात्र मालगाडीसाठी खोळंबा होतो. प्रवासी महत्त्वाचे की माल?
एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

रूळ ज्याचे, त्याचा माल. तुमच्या लाइनचे तीन रूळ बीएनएसएफ या मालवाहू कंपनीच्या मालकीचे आहेत आणि मेट्राची, म्हणजे शिकागोच्या उपनगरी रेल्वेची, गाडी चालवणारी माणसंही करारानुसार त्याच कंपनीची. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मालगाड्या रोखून ठेवायच्या असा समझोता असतो. दुपारी डिस्पॅचर, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारा, दोघांनाही वाट काढून देतो. कंपनीवर राग धरण्यात अर्थ नाही, तिचा धंदाच तो आहे. आणि देशातल्या रेल्वेमालापैकी सुमारे पाव हिस्सा शिकागोच्या परिसरातून जातो.

अ‍ॅमट्रॅकला मालगाडीच्या आधी जाण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे (तो पाळला जातो का, हा वेगळा विषय). मेट्रासारख्या उपनगरी संस्थांना मात्र तेवढाही हक्क नाही, सगळं करारावर. त्यामुळे दुपारी आणखी चार गाड्या हव्यात म्हटलं की मालक विचारतो, तिसऱ्याच्या जोडीला चौथा रूळ कोण टाकून देणार? भरीला हल्ली मालगाड्या दोन-दोन मैल लांब झाल्या आहेत. त्या साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूला थांबण्यासाठी टाकलेल्या रुळात, मावत नाहीत, मग प्रवासी गाडीलाच बाजूला थांबावं लागतं.

यातून सुटका होते, पण ती सिमेंटची असते. शिकागोच्या दक्षिणेला एंगलवूडमध्ये मेट्राची रॉक आयलंड लाइन आणि नॉरफोक सदर्नची मालवाहू लाइन एकाच पातळीवर एकमेकींना छेदत होत्या. रोज मेट्राच्या 78 आणि इतर 60 गाड्या तिथे एकमेकींची वाट अडवायच्या. 2014 मध्ये तिथे उड्डाणपूल झाला आणि तो तंटा मिटला. व्हर्जिनिया राज्याने दुसरा रस्ता धरला. 2019 मध्ये सीएसएक्स या मालवाहू कंपनीशी 3.7 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर करून जमीन आणि रूळच विकत घ्यायला सुरुवात केली. मला तो शहाणपणाचा वाटतो. भाडेकरूने कितीही तक्रार केली तरी भिंत पाडायची की नाही ते घरमालकच ठरवतो.

मिनिॲपोलिसची नॉर्थस्टार ही उपनगरी गाडी मात्र भाडेकरूच राहिली. 2009 मध्ये सुरू झाली तीही बीएनएसएफच्या रुळांवर. बेत होता सेंट क्लाउडपर्यंत जायचा. पैसे पुरेनात म्हणून बिग लेकला, मध्येच थांबली. ज्या शहरात विद्यापीठ आहे, दोन्ही दिशांचे प्रवासी आहेत, तिथे ती कधी पोहोचलीच नाही. बहुतेक फेऱ्या सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. ऑफिसं घरी आल्यावर उरलं काय? 2025 मध्ये ती बंद करून बस चालवायचं ठरलं. लोक म्हणतात, बघा, अमेरिकेत रेल्वे चालत नाही. अर्धी बांधली, चतकोर चालवली, आणि नापास रेल्वेला केलं.

घराजवळच्या फाटकावर रात्री दोन वाजताही गाडी भोंगा वाजवते. ड्रायव्हरला जरा दया नाही का?
एक वाचक, क्युपर्टिनोजवळ, कॅलिफोर्निया

त्याला बिचाऱ्याला कायदा आहे. 2005 च्या केंद्रीय नियमानुसार फाटकाच्या 15 ते 20 सेकंद आधी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा वाजवावाच लागतो, 96 ते 110 डेसिबल. तुमच्या नगरपालिकेला क्वाएट झोन, म्हणजे जिथे भोंगा वाजवावा लागत नाही असा पट्टा, मागता येतो, पण मग चारही बाजूंची फाटकं किंवा मधले दुभाजक बसवून द्यावे लागतात, आणि तो खर्च शहराचा. नगरपालिकेच्या सभेत विचारा. तोवर कानात कापूस.

डॅलसची नवी सिल्व्हर लाइन प्लेनोपर्यंत आली. आम्ही फ्रिस्कोला, इतकं जवळ. आमच्याकडे का नाही? इथे रोज नवी सोसायटी होते, ट्रॅफिकने जीव नकोसा झालाय.
एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

कारण फ्रिस्को वर्गणी भरत नाही. टेक्सासमध्ये विक्रीकराला 8.25 टक्क्यांचं झाकण आहे. त्यातले 6.25 राज्याचे, उरलेल्या दोन टक्क्यांचं काय करायचं ते शहर ठरवतं. प्लेनो, रिचर्डसन, अर्व्हिंग यांनी 1983 मध्ये त्यातला एक टक्का डार्टला, म्हणजे डॅलस परिसराच्या रेल्वे-बस संस्थेला, द्यायचं मतदानाने ठरवलं. फ्रिस्कोने तोच एक टक्का अर्धा-अर्धा करून आपल्या दोन विकास महामंडळांना दिला. त्यातून कंपन्या आणल्या, मैदानं आणली. झाकण भरलेलं आहे, त्यामुळे आता डार्टमध्ये यायचं तर ते महामंडळांचे पैसे काढून घ्यावे लागतील. ज्या दिवशी तुमचं शहर त्याला तयार होईल, त्या दिवशी मला जरूर कळवा.

गंमत अशी की पैसे भरणारेही खूश नाहीत. प्लेनोची तक्रार, आम्ही देतो जास्त आणि मिळतं कमी. सिल्व्हर लाइन ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली, आणि पुढच्याच महिन्यात प्लेनोच्या नगरपरिषदेने डार्टमधून बाहेर पडावं का यावर मतदान घ्यायचं ठरवलं! मला प्लेनोचा हिशोब अर्धवट वाटतो. प्लेनोतला माणूस डॅलसच्या स्टेशनवर उतरतो, तो खर्च डॅलसच्या खात्यात दिसतो. शेजारच्या गावाने कर न भरता रस्त्याचा फायदा घ्यायचा, हे मात्र खरोखर टोचण्यासारखं आहे, आणि ते शेजारी म्हणजे तुम्ही, हे नम्रपणे सांगते.

तरी त्या लाइनवर एकदा बसून या. 26 मैल, विमानतळापासून प्लेनोपर्यंत, डॅलसच्या मधल्या भागात न शिरता. यूटी डॅलस विद्यापीठाचं स्वतःचं स्टेशन आहे. उपनगरातून उपनगरात जाणारी गाडी अमेरिकेत दुर्मीळ. मेरीलँडमध्ये अशीच पर्पल लाइन 2017 पासून बांधताहेत. मध्येच 2020 मध्ये बांधकाम करणारी कंपनी काम सोडून गेली, दुसरी शोधावी लागली. अजून लोक वाटच बघताहेत.

आदरणीय ताई, मी एकाहत्तर वर्षांचा. मुलाकडे एक्स्टनला राहतो. गाडी चालवत नाही. फिलाडेल्फियाला डॉक्टरकडे साडेदहा-अकराला जायचं असतं. एक गाडी चुकली की दुसरी तासाभराने. गर्दीच्या वेळी मात्र बऱ्यापैकी गाड्या असतात. म्हाताऱ्या माणसांना गर्दीत का ढकलतात? आणि आम्ही काय करू शकतो?
एक आजोबा, एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया

आजोबा, माझी सगळी नोकरी तुमच्या प्रश्नाभोवती गेली, आणि तो प्रश्न आम्हाला कधी कोणी अधिकृतपणे विचारला नाही. आमच्या खोलीत पहिला कागद सकाळच्या आठच्या गाडीचा निघायचा. अकराच्या गाडीचा विचार "उरलेल्या डब्यांचं काय करायचं" या सदराखाली व्हायचा. ही वेळापत्रकं शहरात नऊ ते पाच बसणाऱ्या माणसासाठी झाली. नर्स, दुकानातली मुलगी, कॉलेजचा विद्यार्थी, तुम्ही, सगळे त्याच्या मापाच्या कपड्यांत कोंबलेले.

दुःख याचं की फिलाडेल्फियात हे बदलण्यासाठी लागणारी सर्वांत महागडी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीच बांधून झाली आहे. 1984 मध्ये शहराखालून एक बोगदा काढून रीडिंग आणि पेनसिल्व्हेनिया या दोन जुन्या रेल्वे कंपन्यांची जाळी जोडली. गाडी एका बाजूने येऊन शहर ओलांडून दुसऱ्या बाजूला निघून जाते, मध्ये उलटी फिरायची गरज नाही. बोस्टनला नॉर्थ आणि साउथ स्टेशनच्या मध्ये आजही असा बोगदा नाही. न्यूयॉर्कला तर लाँग आयलंडची गाडी आणि मेट्रो-नॉर्थची गाडी वीज देणाऱ्या एकाच तिसऱ्या रुळावर चालत नाही, एकीचा वीज घेणारा बूट त्या रुळाला वरून टेकतो, दुसरीचा खालून. फिलाडेल्फियात सगळे मार्ग विजेचे, बोगदा तयार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक व्हुकान वुचिक यांनी त्याच सुमाराला मार्गांची आर-1 ते आर-8 अशी आखणी करून दिली होती, मेट्रोसारखी. 2010 मध्ये ते आकडेही पाट्यांवरून काढून टाकले.

मग गाड्या का वाढत नाहीत? दुपारची जादा गाडी तशी स्वस्त पडते, कारण डबे आणि रूळ उभेच असतात. लागतात माणसं आणि वीज, म्हणजे चालू खर्च. आणि या देशात बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. दोन लाखांहून मोठ्या शहरी भागांना केंद्राचा नेहमीचा निधी रोजच्या खर्चासाठी साधारणपणे वापरता येत नाही. तो भार राज्यावर आणि भाड्यावर. 2025 मध्ये सेप्टाला, म्हणजे तुमच्या गाड्या चालवणाऱ्या संस्थेला, 213 दशलक्ष डॉलरची तूट आली. कपातीच्या यादीत पाच रेल्वे लाइन पूर्ण बंद करायचा प्रस्ताव होता, आणि त्यांत तुमची पाओली-थॉर्नडेलही होती! शेवटी भाडं 21.5 टक्के वाढलं, आणि राज्याने डब्या-रुळांसाठी ठेवलेले पैसे रोजच्या खर्चाला वापरायची दोन वर्षांची मुभा दिली. त्याच वर्षी सिल्व्हरलायनर-4 हे 1970 च्या दशकातले डबे पाच वेळा पेटले, केंद्राने तपासणीचे आदेश काढले आणि गाड्या रद्द होऊ लागल्या, आखूड झाल्या. म्हणजे नवे डबे घ्यायचे पैसे जुने डबे चालवण्यात गेले. याला उपाय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उलट उदाहरण हवं तर कॅलट्रेनचं घ्या. सप्टेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे विजेवर गेली. नव्या गाड्या झटकन वेग घेतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर थोडा-थोडा वेळ वाचला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. शनिवार-रविवारी तासाला एक असलेली गाडी दर अर्ध्या तासाला सोडायला लागले, आणि सुट्टीच्या दिवशीच प्रवासी सर्वांत ठळक वाढले. ही माणसं ऑफिसला चाललेली नव्हती. तूट त्यांनाही आहे, वर्षाला सरासरी 75 दशलक्ष डॉलरच्या घरातली, तिच्यासाठी ते नव्या कराच्या मागे आहेत. पण कर मागताना दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी आहे.

तुम्ही काय करायचं? सेप्टाच्या सार्वजनिक सुनावणीत कोणालाही बोलता येतं, नागरिक असायची अट नाही. मिनिटं मोजकीच मिळतात. त्यात "सेवा सुधारा" म्हणू नका, ते सगळेच म्हणतात आणि कोणी लिहून घेत नाही. दहा ते अकराच्या मध्ये एक्स्टनहून एक गाडी द्या, असं वेळेसकट सांगा. डॉक्टरांच्या दवाखान्यातून परतायची वेळही सांगा, कारण जाणारी गाडी दिली आणि येणारी दिली नाही, असं आमच्या खात्यात सर्रास होतं. मुलाला सोबत न्या आणि त्याला तुमच्या राज्य सेनेटरच्या कार्यालयाला वेगळं पत्र लिहायला सांगा, कारण पैसे हॅरिसबर्गहून, राज्याच्या राजधानीतून, येतात. आणि स्टेशनच्या पार्किंगचा विषय निघाला तर सभा त्यातच संपेल, तेव्हा तुमचं नाव आधीच्या यादीत नोंदवा.